जुन्या डब्याची वायर

१

वायर गेली होती. डबा होता, डब्याचा अडॅप्टर होता, दोन्ही ज्या कापडी पिशवीत ठेवले होते ती पिशवीही शाबूत होती. दोन हात लांबीची करडी वायर तेवढी गायब. आता तुम्हीच सांगा, दुधाची चरवी सोडून नुसतं झाकण पळवणारा चोर कुणी पाहिलाय का?

वजीर मुलाण्यांनीही पाहिला नव्हता, आणि त्यांनी पाहिलं नाही असं वरवंडात फार थोडं होतं. दौंड जंक्शनवर सिग्नल खात्यात तेहतीस वर्षं तारा सांभाळून ते गावी परतले, आणि तेव्हापासून कुणाची कोंबडी हरवली तरी बोलावणं त्यांनाच येई. मागच्या साली रतनबाईंचा चांदीचा पेला त्यांनी ज्वारीच्या कणगीतून काढून दिला होता. ते स्वतः ही गोष्ट कुणाला सांगत नसत, म्हणजे दिवसातून दोनदाच सांगत.

साल दोन हजार सात, वार मंगळवार, दुपारचे बारा. शेजारच्या आण्णा टेंगल्यांच्या ओट्यावर वजीरमामांनी पाय ठेवला आणि आण्णांच्या लेकीनं, स्वप्नालीनं, सगळी हकिगत एका दमात सांगितली. स्वप्नाली घरी बसून पुस्तकांची पानं लावायची. मजकूर आणि चित्रं कॉम्प्युटरवर नीट बसवायची आणि तयार पान फोनच्या तारेतून पुण्याच्या छापखान्याला धाडायची. पाच वर्षं हे काम जुन्या आयएसडीएन लाइनवर, म्हणजे फोनच्या तारेला जोडलेल्या याच डब्यावर, चाललं. लाइन बिचारी इमानी, पण चालीनं गोगलगाय. चित्राचं एक पान निघालं की स्वप्नाली भाकरी थापून, जेवून, भांडी घासून परत यायची, तरी ते भांडगावच्या पुढं सरकलेलं नसायचं.

आता छापखान्याला लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांचं मोठं काम आलं होतं. मालकानं चोख सांगितलं होतं, की आज पाच वाजता एक पान पाठवा. दहा मिनिटांत पोचलं तर सगळं काम तुमच्या घरी. नाही पोचलं तर पुण्याला या, टेबल तयार आहे, इथं बसून करा. स्वप्नालीला पुण्याला जायचं नव्हतं. तिला आपलं घर, आपलं दूध-दुभतं, आपली खिडकी सोडवत नव्हती, आणि तिनं ते सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. म्हणून तिनं ब्रॉडबँडचा अर्ज केला होता.

टेलिफोन ऑफिसचा लाइनमन ज्ञानदेव नवा मॉडेम बॅगेत घेऊन ओट्यावरच बसला होता. मांडीवर फॉर्म, फॉर्मवर तीन चौकोन. डब्यावर खूण, अडॅप्टरवर खूण, वायरीचा चौकोन मोकळा. जुनं सगळं हातात आल्याशिवाय नवं जोडायचं नाही असा नियम होता, आणि जुनी लाइन तर सकाळीच ऑफिसातून बंद झालेली. म्हणजे घर ना इकडचं ना तिकडचं. दुसरी वायर आणून देते म्हणून स्वप्नालीनं विनवलं, पण ज्ञानदेव हलेना. वस्तू हरवली तर अर्ज पायजे, अर्जावर साहेबांची सही पायजे, आणि साहेब पंधरा दिवस रजेवर. साडेतीनला त्याला पाटसला दुसऱ्या जोडणीवर पोचायचं होतं.

"मामा, तीन वाजेपर्यंत वायर सापडली पायजे," स्वप्नाली म्हणाली. "न्हाईतर माझं बिऱ्हाड पुण्याला गेलं म्हणून समजा."

२

मामांनी चष्मा पुसला आणि पिशवीतला डबा मांडीवर घेतला. सिग्नल खात्यात ते एकच गोष्ट शिकले होते, ती अशी, की बिघाड शोधायचा नसतो. जे जे चालू आहे ते एकेक करून बाजूला काढायचं, मग मागं उरतो तोच बिघाड.

डबा तळहाताएवढा. वर हळदी-कुंकवाची बोटं उमटलेली. ती कुणाची हे विचारायची गरज नव्हती, स्वप्नालीची आई म्हाळसावहिनी दारातच पदर खोचून उभ्या होत्या. अडॅप्टर तसाच, म्हणजे विकायला म्हणून कुणी हात घातला नव्हता, नाहीतर आधी तोच गेला असता. वायर तोडलेली नव्हती, खटका दाबून नीट सोडवलेली होती. हे काम घाईचं नव्हतं.

आणि डब्याभोवती नव्या कोऱ्या सुतळीचा एक फेर होता, वर घट्ट गाठ. मामांनी ती गाठ बोटानं चाचपली. पिशवीत जायच्या डब्याला सुतळी कशाला? त्यांनी म्हाळसावहिनींना विचारलं. वहिनींनी कुंकू लावल्याचं लगेच कबूल केलं. पाच वर्षं लेकीला साथ दिलेली वस्तू घरातून निघाली, तिला कोरड्या कपाळानं कसं लावायचं? काल दिवेलागणीला त्यांनी डब्याला हळदी-कुंकू वाहिलं, शेजारी वेटोळं करून ठेवलेल्या वायरीच्या टोकालाही बोट टेकवलं, आणि पिशवी कोनाड्यात ठेवली. पण सुतळी त्यांनी बांधली नव्हती. स्वप्नालीनंही बांधली नव्हती, आणि ज्ञानदेव तर आत्ता आलेला.

घरात उरलं तिसरं माणूस, आण्णा. मामांनी त्यांना विचारलं. आण्णा ओसरीवर घोंगडीवर बसून सुपारी कातरत होते. बायकोकडे बघून ते मिशीत हसले.

"यंत्र हाय ते. त्याला कसला जीव? आमची बाई उद्या ट्रॅक्टरची बी ओटी भरंल."

"ते झालं, पर वायर दिसली का तुम्हाला?"

"वायरीला काय करायचंय मला?" असं म्हणून आण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

तेवढ्यात म्हाळसावहिनींना एक गोष्ट आठवली आणि ती सांगताना त्यांचा आवाज उगाच खाली आला. काल संध्याकाळी घरी एक पाहुणा येऊन गेला होता. खांद्यावर वायरीचं भेंडोळं टाकून. आणि तो पाहुणा म्हणजे वजीरमामांचा सख्खा भाचा अलीम होता.

३

आता आली का पंचाईत. दुसऱ्याच्या घरची कोंबडी शोधायला शहाणपण पुरतं, पण आपल्या घरचा माणूस संशयात आला की पाय जड होतात. मामा एसटी स्टँडकडे निघाले ते मनात दहा वेळा तोबा करत.

अलीम स्टँडजवळच्या दुकानातून गावात केबल टीव्ही चालवायचा. टीव्हीच्या केबलमधून इंटरनेटही देतो अशी त्यानं दोन वर्षं दवंडी पिटली होती. ते इंटरनेट वारं सुटलं की बंद पडायचं. स्वप्नालीनं त्याचं कनेक्शन नको म्हणून ब्रॉडबँडचा अर्ज केला, तेव्हा भर चौकात तो म्हणाला होता, की वरवंडात दुसऱ्याची तार टिकते कशी तेच बघतो. हे वाक्य सगळ्या गावानं ऐकलं होतं. मामांनीही.

दुकानात अलीमनं आधी साफ नाकारलं. मी काल टेंगल्यांकडे गेलोच नाही, मामू. मामांनी त्याच्या चपलांकडे बोट केलं. तळाला वाळलेली शेणमाती चिकटलेली होती, आणि अलीमच्या घरापासून दुकानापर्यंत सगळा डांबरी रस्ता. दावणीवरून गेल्याशिवाय आण्णांच्या घरात शिरताच येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

अलीम कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं दुकानाचं दार अर्धं लोटलं, गल्ल्याखालून एक घडी केलेला कागद काढला आणि मामांच्या हातात ठेवला. मामांनी चष्मा लावला. कागद वाचून त्यांच्या भुवया पार टोपीपर्यंत चढल्या.

४

तो ब्रॉडबँडचा अर्ज होता. अर्जदार, अलीम.

झालं होतं असं, की त्याची स्वतःची बायको अफरीन शिवणकामाचे नवे नमुने इंटरनेटवर बघायची, आणि नवऱ्याच्याच केबलवर एक ब्लाउज उघडायला तिला दोन चहा लागायचे. शेवटी तिनं बजावलं, तुमची तार तुमच्याजवळ ठेवा, मला स्वप्नालीसारखी लाइन पाहिजे. आता चौकात मिशीला पीळ भरलेला माणूस उघड अर्ज कसा करणार? म्हणून अलीम चोरपावलांनी स्वप्नालीकडे अर्ज कसा भरायचा ते विचारायला गेला होता. खांद्यावरचं भेंडोळं हे नुसतं निमित्त, टीव्ही दुरुस्तीला आलोय असं लोकांना वाटावं म्हणून. स्वप्नालीकडून कुणाला न सांगण्याची शपथ त्यानं घेतली होती, आणि पोरीनं आज बिऱ्हाड जायची वेळ आली तरी ती पाळली.

"मामू, कुणाला सांगू नका," अलीम म्हणाला. "माझं गिऱ्हाईक तुटंल."

मामांना हसू आवरेना. हसता हसता डोक्यातलं काम मात्र थांबलं नव्हतं. भेंडोळं त्यांनी हातात घेऊन पाहिलं. टीव्हीची तार, काळी आणि करंगळीएवढी जाड. शिवाय अलीम गेला पाच वाजता, आणि म्हाळसावहिनींनी वायरीला कुंकू लावलं दिवेलागणीला. म्हणजे पाहुणा गेल्यावर वायर घरातच होती. त्यानंतर दाराला कडी लागली ती सकाळी दूध घालायला उघडली. अलीम बाजूला निघाला.

जीव भांड्यात पडला खरा, पण परतीच्या वाटेवर मामांचं हसू हळूहळू मावळलं. बाहेरचं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे वायर घरातल्याच माणसानं नेली होती. स्वप्नाली आपल्याच पायावर धोंडा मारून घेणार नाही. म्हाळसावहिनींना लपवायचं असतं तर वायरीला कुंकू लावल्याचं त्यांनी आपणहून सांगितलंच नसतं.

आणि आण्णा? साधी दाभण हरवली तर घरातली गाडगी-मडकी अंगणात मांडणारा माणूस आज घोंगडीवरून उठलासुद्धा नव्हता. वायर दिसली का, असं विचारलं तर त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उलट सवाल टाकला. आण्णा टेंगल्यांना खोटं बोलता येत नाही हे उभ्या वरवंडाला माहीत होतं. पण आपल्याच लेकीची वाट बाप कशाला अडवील?

५

सव्वादोन वाजले होते. ओट्यावर ज्ञानदेव बॅगेचा पट्टा आवळत होता आणि स्वप्नाली त्याला तिसऱ्यांदा चहा देत होती, म्हणजे तेवढाच वेळ मिळेल. मामा घरात न जाता हातपाय धुवायला म्हणून गोठ्याकडे वळले.

आण्णांच्या वडिलांची मेंढरं होती. आता मेंढरं राहिली नव्हती. दावणीला दोन गाई आणि तीन शेळ्या. मामांनी हातपाय धुतले, मान वर केली, आणि समोरच्या भिंतीतल्या लाकडी खुंटीकडे बघत तिथंच थांबले.

खुंटीवर दावी होती. जनावरं बांधायची, वापरून गुळगुळीत झालेली. पाच, सहा, सात. गाई दोन, शेळ्या तीन, आणि सगळ्यांच्या गळ्यात त्यांची दावी होतीच. मग ही जास्तीची सात कुणाची?

मामांना आपलं स्वतःचंच आठवलं. दर बकरी ईदला ते बोकड आण्णांकडूनच घ्यायचे. दर वर्षी आण्णा आदल्या दिवशी निरोप धाडायचे, की येताना दावं घेऊन या. ते आपल्या बोकडाच्या गळ्यातलं दावं स्वतःच्या हातानं सोडून घेत आणि मामा आपलं नवं बांधत. पहिल्या वर्षी मामा रिकाम्या हातानं गेले होते, तर आण्णांनी सुतळीचा तुकडा बांधून बोकड दिला, पण दावं दिलं नाही. जनावर जातं ते जाऊ द्यावं, त्याचं दावं घराबाहेर जाऊ देऊ नये. दाव्याबरोबर घरची बरकत जाते. धनगरवाड्यातली ही जुनी रीत.

मामा खुंटीजवळ गेले. सगळ्यात वर, बोकडाच्या दाव्यावर, करडी वायर नीट वेटोळं करून अडकवली होती. टोकाला कुंकवाचं बोट होतं.

त्यांनी ती काढली नाही. ते ओसरीत गेले आणि आण्णांना म्हणाले, जरा गोठ्यात या, गाय पान्हा चोरतीय वाटतं.

६

आण्णा आले, खुंटीकडे बघितलं, आणि पायरीवर बसले.

"वहिनी आत हायेत, मी कुणाला बोललो न्हाई," मामा म्हणाले. "पर आण्णा, यंत्राला कसला जीव, असं तुम्हीच म्हणत होता."

आण्णांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग ते बोलले ते एकदम, बांध फुटल्यासारखं. ही पोर बारावी होऊन घरात बसली होती. कुणी विचारत नव्हतं. तो डबा आला आणि चार महिन्यांत पुण्याचं काम सुरू झालं. घराला रंग लागला, पोरीच्या तोंडावर हसू आलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की डबा जावा, नवा यावा, पण त्याचं दावं घरात राहावं. बायकोच्या कुंकवाला जन्मभर हसलेला माणूस, आता आपण वायर ठेवून घेतली हे सांगणार कुठल्या तोंडानं? आणि ज्ञानदेवनं तिसरा चौकोन दाखवला तेव्हा तर जीभच उचलली नाही.

"आजच तिची परीक्षा हाय, वजीरभाई. आजच दावं बाहेर दिलं आन् पान पोचलं न्हाई तर? न दिलं तर लाइन न्हाई, दिलं तर बरकत न्हाई. मी सकाळधरनं हितं अडकलोय."

मामांनी घड्याळ बघितलं. अडीच. तेहतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ गाड्या अडकलेल्या पाहिल्या होत्या, आणि गाडी अडकली की रुळांचा सांधा बदलावा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ज्ञानदेवला गोठ्यात बोलावलं.

ज्ञानदेव बॅग खांद्याला लावूनच आला. मामांनी खुंटीवरची वायर त्याला दाखवली. हरवलेली नाही, चोरीला गेलेली नाही, तुझ्या डोळ्यांदेखत आहे, तेव्हा अर्जाचा प्रश्न मिटला. ज्ञानदेवनं वायरीकडे पाहिलं, तिच्या खालच्या दाव्यांकडे पाहिलं, पायरीवर बसलेल्या आण्णांकडे पाहिलं. त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"तू भांडगावचा ना रे?" मामांनी विचारलं. "तुमच्यात गाय विकताना दावं देतात का?"

"ह्या. आमचा आप्पा मारंल मला."

"मग गिऱ्हाईकानं काय करायचं?"

"आपलं दावं आणायचं."

"आन् हा डबा आज कोण घेऊन चाललंय?"

ज्ञानदेव उत्तर द्यायला गेला आणि तसाच थांबला. मग तो गाय दचकेल एवढ्या मोठ्यांदा हसला. बॅग खाली ठेवून तळातून त्यानं एक करडी वायर काढली. ऑफिसची नाही, टेस्टिंगला म्हणून त्यानं स्वतः दौंडच्या बाजारात घेतलेली, अगदी तसलीच. फॉर्मवर वायर एक असं होतं, कुठली ते नव्हतं. त्यानं सुतळी सोडली, आपल्या हातानं आपली वायर डब्याला लावली, आणि ओट्यावर जाऊन तिसऱ्या चौकोनात खूण केली.

त्यानंतर काय विचारता. तीन वाजायच्या आत नवा मॉडेम भिंतीला लागला. त्यावरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले तशी स्वप्नालीनं आईला मिठीच मारली. ज्ञानदेव चौथा चहा पिऊन पाटसला पळाला. वायर सापडली कुठं हे विचारल्यावर मामांनी, गोठ्यात पडली होती, एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. अलीमही कुठून तरी उगवला आणि आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं दाराशी उभा राहिला. पानावर एक हत्ती होता, छत्री घेऊन बाजाराला निघालेला. पाच वाजता स्वप्नालीनं बटण दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत टोकाला लागली तेव्हा मामांच्या घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

फोन वाजला. स्वप्नालीनं उचलला, ऐकलं, हो म्हणाली, आणखी दोनदा हो म्हणाली, आणि खाली ठेवला. हत्ती पुण्याला पोचला होता. काम घरी मिळालं होतं. म्हाळसावहिनींनी साखर आणली आणि पहिली चिमूट संगणकाच्या पुढ्यात ठेवली. आण्णा त्यावर काहीही बोलले नाहीत. वहिनींनी नवऱ्याकडे जरा नवलानंच पाहिलं.

आण्णा ओसरीवर जाऊन बसले होते. ते पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते आणि पुसत नसल्यासारखं दाखवत होते. स्वप्नाली त्यांच्याजवळ जाऊन बसली. ती काही दूधखुळी नव्हती. सुतळीची गाठ कुणाच्या हातची हे तिनं डबा पिशवीतून काढला तेव्हाच ओळखलं होतं, फक्त वायर कुठं ठेवली ते तिला कळत नव्हतं, आणि बापाला सगळ्यांदेखत विचारणं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं ते आता त्यांना सांगितलं.

"मी जाऊ नये असं एवढं वाटत होतं तर मला नुसतं म्हणायचं आण्णा, की पोरी जाऊ नको."

"म्हणलो असतो तर तू न्हाईच गेली असतीस," आण्णा म्हणाले. "पुण्यात चांगलं हुणार असलं तरी. म्हणून बोललो न्हाई."

स्वप्नालीनं बापाचा हात धरला आणि दोघं तसेच बसून राहिले, आत अलीम साखरेवर दुसरा हात मारत होता आणि मामा त्याला रागं भरत होते.